किंमत न लिहिलेले नाणे : फ्रेंच राजांची चांदीची ‘एक्यू’ नाणी कशी वाचावीत आणि कशी जमवावीत

प्रस्तावना

तुमच्या खिशातले दहा रुपयांचे नाणे बाहेर काढा. त्यावर ‘१०’ हा आकडा आहे. नाण्यात कोणता धातू किती आहे याचा विचार न करता तुम्ही ते दुकानदाराला देता आणि तोही बिनतक्रार घेतो. आता तीनशे वर्षांपूर्वीच्या फ्रान्समधील एका व्यापाऱ्याची कल्पना करा. त्याच्या हातात सुमारे चार सेंटिमीटर व्यासाचे, जड, चांदीचे नाणे आहे. एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला राजचिन्ह, भोवती लॅटिन लेख. पण किंमत कोठेच लिहिलेली नाही. हे नाणे आज कितीला चालेल, हे त्याला राजाच्या ताज्या हुकुमावरून कळते आणि तो हुकूम केव्हाही बदलू शकतो.

या नाण्याला ‘एक्यू’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ ढाल. फ्रान्सच्या राजांची ही नाणी आजही जगभरातील संग्राहक आवडीने जमवतात. ती दिसायला सुंदर आहेत, परंतु आपल्या दृष्टीने महत्त्व वेगळ्या गोष्टीला आहे. राजाने चलनाचे काय केले आणि त्याचा भार लोकांवर कसा पडला, याचा पुरावा या चांदीच्या चकतीवरच उरलेला आहे. तो कसा वाचायचा आणि संग्रह करताना तो नष्ट होऊ नये म्हणून काय करायचे, हे या पाठात पाहू.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :
- हिशेबाचे चलन आणि हातातले नाणे यांतील फरक सांगणे.
- एक्यूवरील लेख, टांकसाळचिन्ह आणि कड यांवरून नाण्याची ओळख पटवणे.
- वजन आणि कस यांवरून एका लिव्रमागे किती चांदी होती याचे गणित करणे.
- नाणे घेताना, तपासताना व जपताना घ्यायची काळजी समजून घेणे.

१. लिव्र, सू आणि दनिए

फ्रान्समध्ये हिशेब लिव्र, सू आणि दनिए या तीन एककांत ठेवला जाई. १ लिव्र म्हणजे २० सू आणि १ सू म्हणजे १२ दनिए. म्हणून १ लिव्र म्हणजे २४० दनिए. ही पद्धत शार्लमेन राजाच्या काळात, म्हणजे आठव्या शतकाच्या अखेरीस, पक्की झाली. ‘लिव्र’ म्हणजे वजनाचा पौंड. एक पौंड चांदीतून २४० दनिए पाडायचे, असा मूळ हिशेब होता. दनिए हे छोटे चांदीचे नाणे तेव्हा सुमारे १.७ ग्रॅम वजनाचे होते.

लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी, की पुढील अनेक शतके लिव्र हे प्रामुख्याने वहीतले एकक राहिले. घराचे भाडे, नोकराचा पगार, कर्जाची रक्कम हे सारे लिव्रमध्ये लिहिले जाई. पैसे देताना मात्र वेगळ्या नावांची नाणी हातात येत. वहीतला लिव्र आणि हातातले नाणे यांच्यातील दर राजा ठरवत असे. पुढचा सगळा इतिहास या एका अधिकाराभोवती फिरतो.

२. दनिएपासून एक्यूपर्यंत

संग्राहकाला पुढील टप्पे माहीत असले पाहिजेत.

ग्रो तुर्न्वा : नवव्या लुईने १२६६ मध्ये हे मोठे चांदीचे नाणे सुरू केले. वजन सुमारे ४.२ ग्रॅम, किंमत १ सू. त्याआधी वहीत असलेला सू आता प्रत्यक्ष चांदीत दिसू लागला.

तेस्तों : बाराव्या लुईच्या कारकिर्दीत, १५१४ मध्ये, इटलीच्या धर्तीवर राजाचा खराखुरा चेहरा दाखवणारे हे चांदीचे नाणे फ्रान्समध्ये आले. ‘तेस्तों’ हे नावच ‘डोके’ या अर्थाच्या इटालियन शब्दावरून पडले.

चांदीचा फ्रँक : तिसऱ्या आंरीने १५७५ मध्ये काढला. किंमत २० सू, म्हणजे १ लिव्र.

चांदीचा एक्यू : तेराव्या लुईने १६४१ मध्ये सुरू केला. वजन २७.४५ ग्रॅम, कस ०.९१७, किंमत ६० सू म्हणजे ३ लिव्र. त्याचे ठसे जाँ वारँ या कुशल कोरक्याने तयार केले. यापूर्वी बहुतेक नाणी चकतीवर ठसा ठेवून हातोड्याने पाडली जात. त्यामुळे ती वेडीवाकडी होत आणि कडेची चांदी कातरून घेतली तरी पटकन लक्षात येत नसे. वारँची नाणी स्क्रूच्या दाबयंत्रावर पाडलेली, गोल आणि एकसारखी होती.

३. एक्यू कसा वाचावा

चौदाव्या लुईचा एखादा एक्यू तुमच्यासमोर आहे असे समजा. तो पुढील क्रमाने पाहा.

दर्शनी बाजू : राजाची उजवीकडे पाहणारी प्रतिमा आणि भोवती संक्षिप्त लॅटिन लेख असतो. त्याचा अर्थ ‘लुई चौदावा, देवाच्या कृपेने फ्रान्स आणि नावारचा राजा’. या राजाने १६४३ ते १७१५ अशी बहात्तर वर्षे राज्य केले. तो गादीवर आला तेव्हा पाच वर्षांचाही नव्हता. म्हणून नाण्यांवरच तो बालक, तरुण आणि वृद्ध झालेला दिसतो. संग्राहक केशरचनेवरून, चिलखतावरून किंवा मागील बाजूच्या नक्षीवरून प्रकारांना नावे देतात.

मागील बाजू : तीन लिली फुलांची ढाल, मुकुट किंवा ‘एल’ अक्षरांची नक्षी असते. भोवतीचा लेख ‘सित नोमेन दोमिनी बेनेदिक्तुम’ म्हणजे ‘प्रभूचे नाव धन्य असो’. नाण्यावर वर्षही असते.

टांकसाळचिन्ह : पहिल्या फ्रान्स्वाच्या १५४० च्या हुकुमापासून प्रत्येक टांकसाळीला एक अक्षर मिळाले. ‘ए’ म्हणजे पॅरिस, ‘बी’ म्हणजे रुआँ, ‘डी’ म्हणजे लिओं, ‘के’ म्हणजे बॉर्दो, ‘एल’ म्हणजे बायोन, ‘डब्ल्यू’ म्हणजे लील. पो या गावच्या टांकसाळीच्या नाण्यांवर छोटी गाय दिसते, कारण गाय हे बेआर्न प्रांताचे चिन्ह. त्याआधी, १३८९ पासून, ‘गुप्त ठिपका’ ही पद्धत होती. लेखातील ठरावीक क्रमांकाच्या अक्षराखाली ठिपका दिला जाई. पॅरिससाठी अठरावे, रुआँसाठी पंधरावे अक्षर. उद्देश एकच : नाणे हलके किंवा हिणकस निघाले, तर ते कोणत्या टांकसाळीचे हे कळावे आणि जाब विचारता यावा.

कड : १६८० च्या दशकात जाँ कास्तँ याच्या यंत्राने कडेवरही अक्षरे उमटवता येऊ लागली. एक्यूच्या कडेवर ‘दोमिने साल्वुम फाक रेगेम’ म्हणजे ‘प्रभो, राजाचे रक्षण कर’ असे शब्द असतात. प्रार्थना राजासाठी होती, पण रक्षण चांदीचेही होत होते. कडेचा तुकडा कातरला तर अक्षरे तुटत आणि चोरी उघडी पडे.

४. राजाने किंमत बदलली म्हणजे काय झाले

१६८८ मध्ये सुरू झालेल्या युद्धात चौदाव्या लुईचा खजिना लवकर रिता झाला. डिसेंबर १६८९ मध्ये त्याने व्हर्साय राजवाड्यातील चांदीचे फर्निचर वितळवायला काढले. त्याच महिन्यात चलनाविषयी हुकूम निघाला : लोकांनी आपले जुने एक्यू टांकसाळीत आणावेत, त्यांवर नवा ठसा मारला जाईल आणि नवा एक्यू ६६ सूंना चालेल.

हे काम कसे चालले ते नीट समजून घ्या. जुने नाणे वितळवले जात नसे. त्याच चकतीवर नवा ठसा मारला जाई. वजन तेच, चांदी तीच, दर्शनी किंमत मात्र वाढलेली. समजा, टांकसाळीने तुमचे नाणे ६२ सूंना घेतले आणि नवा ठसा मारून ६६ सूंना चलनात सोडले. मधले ४ सू राजाचे झाले. तुम्ही शंभर नाणी नेलीत, तर हिशेबाने तुम्हाला चौऱ्याण्णवहून कमी परत मिळतील. कोणताही नवा कर न लावता कर वसूल झाला.

या प्रकाराला ‘रेफॉर्मासियों’ म्हणत. आपण त्याला पुनर्मुद्रण म्हणू. १६९०, १६९३, १७०१ आणि १७०४ अशा चार फेऱ्या झाल्या. नवी फेरी येण्यापूर्वी जुन्या नाण्यांची किंमत हुकुमाने टप्प्याटप्प्याने उतरवली जाई, म्हणजे लोक ती टांकसाळीत आणत. काहींनी नाणी लपवून ठेवली, काहींनी देशाबाहेर नेली आणि काहींनी चोरून स्वतःच नवे ठसे मारले. या शेवटच्या मंडळींची नाणी चांदीने खरी, पण ठशाने खोटी होती.

आपल्याकडील ‘बट्टा’ तुम्हाला माहीत असेल. सराफ नाण्याचा कस, झीज आणि सन पाहून त्याची किंमत कमी धरत असे. म्हणजे धातू उतरला की किंमत उतरे. फ्रान्समधील पुनर्मुद्रणात उलटे घडले. धातू तसाच राहिला आणि बट्टा राजाने घेतला.

५. गणित करून पाहा

नाण्याचे वजन, कस आणि दर्शनी किंमत माहीत असेल तर एका लिव्रमागे किती शुद्ध चांदी होती ते काढता येते. वजनाला कसाने गुणा आणि लिव्रमधील किमतीने भागा.

- शार्लमेनचा काळ : २४० दनिए, प्रत्येकी सुमारे १.७ ग्रॅम. १ लिव्र = सुमारे ४०० ग्रॅम.
- १२६६, ग्रो तुर्न्वा : १ लिव्र = सुमारे ८१ ग्रॅम.
- १६४१, पहिला एक्यू : २७.४५ × ०.९१७ ÷ ३ = सुमारे ८.४ ग्रॅम.
- १६९०, पुनर्मुद्रित एक्यू : तीच चांदी ÷ ३.३ = सुमारे ७.६ ग्रॅम.
- १७१८, जॉन लॉच्या काळातील एक्यू : २४.४७ × ०.९१७ ÷ ६ = सुमारे ३.७ ग्रॅम.
- १७२६, पंधराव्या लुईचा एक्यू : २९.४९ × ०.९१७ ÷ ६ = सुमारे ४.५ ग्रॅम.

आता हे आकडे माणसांच्या बाजूने वाचा. १६४१ मध्ये ज्याने १०० लिव्र कर्जाऊ दिले, त्याने सुमारे ८४० ग्रॅम चांदी दिली. तीच रक्कम १७२६ मध्ये वारसांना परत मिळाली असती, तर वहीत ती पूर्ण १०० लिव्रच दिसली असती. प्रत्यक्ष चांदी मात्र ४५० ग्रॅम. ठरावीक रकमेवर जगणाऱ्यांचे नुकसान झाले आणि कर्जदाराचा फायदा. सर्वांत मोठा कर्जदार होता स्वतः राजा.

१७१८ चा आकडा वेगळा उठून दिसतो. स्कॉटलंडहून आलेल्या जॉन लॉने कागदी नोटांची बँक उभारली होती. लोकांनी नाण्यांऐवजी नोटा वापराव्यात म्हणून नाण्यांचे दर वारंवार बदलले गेले. फेब्रुवारी १७२० मध्ये तर कोणीही ५०० लिव्रपेक्षा अधिक रक्कम सोन्याचांदीच्या नाण्यांत बाळगू नये असा हुकूम निघाला. त्याच वर्षी ही सारी व्यवस्था कोसळली. १७२६ मध्ये दर पक्के केले गेले आणि चांदीच्या एक्यूची ६ लिव्र ही किंमत क्रांतीपर्यंत टिकली. पुढे १८०३ च्या कायद्याने फ्रँकमध्ये ५ ग्रॅम, ०.९ कसाची चांदी ठरली, म्हणजे ४.५ ग्रॅम शुद्ध चांदी. नाव बदलले, माप जवळजवळ तेच राहिले.

६. शेवटचे राजनाणे

सोळाव्या लुईच्या एक्यूवर क्रांतीपूर्वी ‘देवाच्या कृपेने फ्रान्स आणि नावारचा राजा’ असेच लिहिलेले असे. १७९१ नंतरच्या संवैधानिक एक्यूवर लेख लॅटिनऐवजी फ्रेंचमध्ये आला : ‘लुई सोळावा, फ्रेंच लोकांचा राजा’. मागील बाजूस ऑगस्तँ द्युप्रे याने पंखधारी आकृती कोरली. ती फलकावर संविधान लिहीत आहे आणि भोवती ‘कायद्याचे राज्य’ असे शब्द आहेत. देवाची कृपा गेली, कायदा आला. वजन आणि कस मात्र बदलले नाहीत.

सप्टेंबर १७९२ मध्ये राजेशाही रद्द झाली. १७९३ मध्ये प्रजासत्ताकाने त्याच मापाचे नाणे काढले. त्यावर पानांच्या वेढ्यात स्पष्ट शब्द होते : ‘सहा लिव्र’. दीडशे वर्षे राजाच्या हुकुमात असलेली किंमत आता नाण्यावर उतरली.

७. संग्रह करताना

दिशा ठरवा : सर्व राजांची सर्व नाणी जमवणे विद्यार्थ्याला परवडणारे नाही. एक प्रश्न निवडा. उदाहरणार्थ, ‘पुनर्मुद्रणाच्या चार फेऱ्यांचे एकेक नाणे’ किंवा ‘सोळाव्या लुईची वेगवेगळ्या टांकसाळींची नाणी’. मोठा एक्यू महाग वाटला तर त्याचे अर्धे किंवा दहावा भाग असलेली छोटी नाणी पाहा. नाणे विकत न घेताही अभ्यास होतो. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने आपल्या नाणेसंग्रहाची छायाचित्रे सर्वांसाठी खुली ठेवली आहेत.

पुनर्मुद्रणाच्या खुणा शोधा : नाणे तिरप्या उजेडात धरा. राजाच्या गालाखाली जुन्या लेखाचे अक्षर, नव्या सनाखाली जुना सन, मुकुटामागे दुसऱ्या नक्षीची रेघ दिसते का? नवखा संग्राहक असे नाणे ‘खराब छापाचे’ म्हणून बाजूला ठेवतो. परंतु कलम ४ मध्ये आपण जो व्यवहार पाहिला, त्याची पावतीच त्या चकतीवर आहे.

ओरखडे ओळखा : अनेक एक्यूंवर समांतर, बारीक रेघा असतात. छाप मारण्यापूर्वी चकती जड भरली तर टांकसाळीतच कानसीने घासून वजन नेमके केले जाई. त्या रेघा त्याच्या आहेत. त्या छापाच्या खाली जातात. नंतर पडलेला ओरखडा छापाच्या वरून जातो.

दागिन्याच्या खुणा पाहा : कडेवर डाक, बुजवलेले भोक किंवा एका जागी घासलेली अक्षरे दिसली, तर नाणे कधीतरी साखळीत किंवा पिनेत अडकवलेले असावे. त्याची किंमत पुष्कळ कमी होते.

वजन आणि घनता तपासा : ०.९१७ कसाच्या चांदीची घनता सुमारे १०.३ असते. नाणे हवेत तोला. मग बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून, भांड्याला न टेकवता तोला. हवेतील वजनाला दोन वजनांतील फरकाने भागा. २९.४ ग्रॅमच्या खऱ्या एक्यूत फरक साधारण २.८ ग्रॅम येईल. पितळ किंवा निकेलमिश्रित नकलेत तो ३.३ ग्रॅमच्या पुढे जातो. सरावासाठी एक्यूची गरज नाही. ब्रिटिश काळातील १९३९ पर्यंतचा चांदीचा रुपया याच कसाचा, ११.६६ ग्रॅमचा आहे. घरात असेल तर त्यावर प्रयोग करा. नंतर नाणे मऊ कापडाने टिपून घ्या, पुसू नका. घनता जुळली म्हणजे धातू खरा ठरतो. ठसा खरा की खोटा हे मात्र ज्ञात खऱ्या नाण्यांशी ताडूनच ठरवावे लागते.

८. नाणे घासू नका

चांदीवर काळानुसार राखाडी, निळसर किंवा काळपट थर चढतो. आपल्याकडे चांदीची भांडी चिंच, राख किंवा टूथपेस्टने चकचकीत करण्याची सवय आहे. नाण्यावर हे कधीही करू नका. घासल्याने थराबरोबर पृष्ठभागाची चांदीही जाते आणि तिच्याबरोबर पुनर्मुद्रणाच्या फिकट खुणा, कानसीच्या रेघा, ठशाचे बारीक दोष जातात. ते परत आणता येत नाहीत. नाणे कडेने धरा. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, त्यातून हिरवट चिकट थर येतो. आम्लरहित कागदाचे किंवा पॉलिएस्टरचे पाकीट वापरा. सोबत एक चिठ्ठी ठेवा : नाणे कोठून, केव्हा घेतले, वजन किती, आधी कोणाच्या संग्रहात होते.

ही चिठ्ठी महत्त्वाची आहे. जमिनीतून गुपचूप उकरलेल्या ठेव्याचे नाणे त्याच्या जागेपासून तुटते आणि निम्मा इतिहास गमावते. फ्रान्समध्ये १९८९ च्या कायद्यापासून ऐतिहासिक वस्तू शोधण्यासाठी धातुशोधक यंत्र वापरायला परवानगी लागते. भारतातही १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातून नाणे मागवायचे असेल, तर सीमाशुल्काचे नियम आधी पाहा.

९. भारताशी असलेला धागा

फ्रेंच कंपनीला १७३६ मध्ये अर्काटच्या नबाबामार्फत पाँडिचेरीत रुपये पाडण्याचा अधिकार मिळाला. त्या रुपयांवर पंधरावा लुई नाही. त्यांवर मोगल बादशहाचे नाव फारसीत आहे, आणि फ्रेंचांची ओळख म्हणून एक छोटी चंद्रकोर. इंग्रजांच्या अर्काट रुपयावर तिच्या जागी कमळ असते. पाँडिचेरीच्या छोट्या चांदीच्या फनमवर मात्र फ्रेंच मुकुट आणि लिली फुले आहेत. मोठ्या व्यापारात बादशहाच्या नावाचा, सराफांना ओळखीचा रुपयाच चालत असल्याने कंपनीने तोच पाडला. आपल्या देशात हुकुमाने किंमत ठरवणाऱ्या राजाची कंपनी येथे बाजाराच्या विश्वासापुढे झुकली. या धाग्यावर संग्रह करायचा असेल, तर भारतातील संग्रहालयांतूनच सुरुवात करता येईल. महाराष्ट्रात नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणेशास्त्राला वाहिलेली संशोधन संस्था आहे.

सारांश

- लिव्र हे वहीतले एकक होते, एक्यू हे हातातले नाणे. दोहोंतील दर राजा ठरवत असे.
- पुनर्मुद्रणात चांदी न वाढवता किंमत वाढवली गेली. फरक राजाला मिळाला.
- टांकसाळचिन्ह, कडेचा लेख, कानसीच्या रेघा आणि जुन्या छापाच्या खुणा हे नाण्यावरील पुरावे आहेत.
- घासलेले किंवा ठिकाणा नसलेले नाणे हे पुरावे गमावते.

स्वाध्याय

१. १७०९ च्या एक्यूचे वजन ३०.५९ ग्रॅम, कस ०.९१७ आणि किंमत ५ लिव्र होती. एका लिव्रमागे किती चांदी येते? १६९० च्या आकड्याशी तुलना करा.
२. ‘बट्टा’ आणि ‘पुनर्मुद्रण’ यांतील फरक उदाहरणासह लिहा.
३. तुमच्या घरातील एखादे जुने नाणे घ्या. न घासता, फक्त पाहून, तोलून आणि त्यावरील लेख वाचून एक पानाची नोंद तयार करा. ते घरात कसे आले, हे वडीलधाऱ्यांना विचारून नोंदीत जोडा.